परवाना मिळाल्यानंतरचे पहिले वर्ष: नव्या हॅमना बँडवर कसे टिकवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील हॅम रेडिओ (परवाना घेऊन छंद म्हणून चालवायचा रेडिओ) मंडळातर्फे दर वर्षी परीक्षेचे वर्ग चालतात, पंधरा-वीस विद्यार्थी आणि गावातील काही प्रौढ उत्तीर्णही होतात, परंतु वर्षभरानंतर त्यांच्यापैकी जेमतेम एक-दोघांचा आवाज बँडवर (हॅमसाठी राखलेल्या फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्यात) ऐकू येतो. तेव्हा वर्गात नेमके काय कमी पडते आणि नव्यांचे स्वागत कसे करावे? मला परवाना मिळून तीस वर्षे झाली आणि त्यांतील निम्मी वर्षे मी दक्षिण महाराष्ट्रात असेच वर्ग घेत आलो आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

माझ्या मते आपल्या वर्गात फारसे काही कमी पडत नाही. ओहमचा नियम, फ्रीक्वेन्सींचे तक्ते आणि क्यू कोड (ठरावीक अर्थाचे तीन अक्षरी संकेत) मुले पाठ करतात आणि उत्तीर्ण होतात. गळती होते ती परीक्षा संपल्यापासून पहिली दहा संभाषणे होईपर्यंतच्या काळात, आणि नेमके तेव्हाच त्यांच्याकडे पाहायला कोणी नसते, कारण आपण सगळे पुढच्या तुकडीच्या तयारीला लागलेलो असतो. म्हणून स्वागताचा विचार निकालाच्या दिवसापासून सुरू करावा, असे मी सुचवेन. वर्गासाठी आपण जेवढी मेहनत घेता तिच्यातील अर्धी त्यानंतरच्या सहा महिन्यांसाठी राखून ठेवावी.

पहिली अडचण प्रतीक्षेची आहे. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे परवान्याच्या खालच्या श्रेणीला, मोर्स (ठिपके-रेघांची संकेतलिपी) लागत नाही आणि त्या ग्रेडच्या परवानाधारकाला व्हीयू३ ने सुरू होणारे कॉलसाइन, म्हणजे हवेतील ओळखचिन्ह, मिळते. पण दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परवाना प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत काही महिने जाऊ शकतात, आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या हिशेबात काही महिने म्हणजे एक अख्खा छंद सुटून दुसरा लागण्याइतका काळ असतो. या काळात त्याच्या हाती माईक देता येत नाही. काही उत्साही मंडळी प्रात्यक्षिकाच्या भरात परवाना नसलेल्या मुलांना ‘दोन शब्द बोल’ म्हणून पीटीटी (बोलण्यासाठीचे बटण) दाबायला देतात. ते नियमाबाहेरचे आहे, आणि नियम मोडून झालेली ओळख नव्याला चुकीचेच वळण लावते. मात्र ऐकायला लावता येते, आणि ऐकण्याचे जेवढे शिक्षण या काळात होते तेवढे पुढे कधीच होत नाही.

आमच्याकडे प्रत्येक उत्तीर्ण उमेदवाराला शंभर पानी वही देतो. क्लबच्या शॅकवर (रेडिओच्या खोलीत) येऊन, किंवा घरून इंटरनेटवरच्या सार्वजनिक एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या) रिसीव्हरवर ऐकून, त्याने रोज किमान पाच स्टेशने नोंदवायची: तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी, कॉलसाइन आणि काय ऐकले ते एका ओळीत. वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायची, म्हणजे आपली सकाळची साडेआठ तेथे ०३:०० होते हे आठ दिवसांत अंगवळणी पडते. महिन्याभराने हीच वही समोर ठेवून चाळीस मीटर (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) बँडचा स्वभाव शिकवता येतो. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान नागपूर, नाशिक, हैदराबाद, बेंगळुरू ही स्टेशने शेजारच्या गल्लीतून बोलल्यासारखी येतात, भर दुपारी तीच मलूल होतात, आणि रात्री जवळची स्टेशने हरवून परदेशातील आवाज वर येतात. आयनांबराच्या डी थरात दिवसा होणारे शोषण आणि रात्री लांबणारी उडी हे फळ्यावर आकृती काढून सांगितले तर परीक्षेपुरते लक्षात राहते. स्वतःच्या वहीत रात्री साडेनऊला नागपूर का सापडले नाही असा प्रश्न ज्याला पडला, त्याला ते उत्तर जन्मभर पुरते.

त्याच काळात अँटेना बांधायला घ्यावी. तयार अँटेना विकत आणून गच्चीवर लावण्यापेक्षा साध्या तांब्याच्या तारेचा डायपोल (दोन समान हातांची अँटेना) मुलांकडून कापून घेणे कितीतरी चांगले, आणि येथे थोडे तपशिलात जातो, कारण नव्याला छंद लागतो तो बहुतेक वेळा येथेच. मीटरमधील एकूण लांबी काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झमधील फ्रीक्वेन्सीने भागायचे. ७.१ मेगाहर्ट्झला २०.१४ मीटर येतात, म्हणजे प्रत्येक हात सुमारे १०.०७ मीटर. मागच्या तुकडीला मी मुद्दाम प्रत्येक हात १०.३५ मीटर कापायला सांगितले, कारण तार कमी करता येते, वाढवताना मात्र जोड द्यावा लागतो. पाण्याच्या टाकीला बांबू बांधून मध्य वर घेतला, दोन्ही टोके नायलॉनच्या दोरीने कठड्याकडे ओढून उलट्या ‘व्ही’चा आकार दिला आणि मीटर लावला, तेव्हा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत येते त्याचे माप; १ च्या जितके जवळ तितके चांगले) सर्वांत कमी दिसला तो ६.९२ मेगाहर्ट्झला. आता किती कापायचे, हे मुलांनीच काढायचे होते. १०.३५ गुणिले ६.९२ भागिले ७.१ असे करून एका मुलाने १०.०९ मीटर हे उत्तर काढले आणि दोन्ही बाजूंनी सव्वीस-सव्वीस सेंटिमीटर तार कापली. अँटेना पुन्हा वर चढवल्यावर काटा ७.१ जवळ १.३ वर आला. त्या वेळी गच्चीवर जो आरडाओरडा झाला, तो परीक्षेच्या निकालाच्या दिवशी झाला नव्हता. कापलेले तारेचे तुकडे त्या मुलाने खिशात घालून घरी नेले.

गच्चीच्या कामात दोन गोष्टींबाबत मात्र कोणतीही सूट देऊ नये. अँटेना किंवा तिची दोरी तुटली तरी ती विजेच्या तारांवर पडणार नाही एवढे अंतर ठेवूनच जागा निवडावी, आणि वळवाच्या दिवसांत काम संपले की फीडलाइन (अँटेनाची केबल) रिगपासून, म्हणजे रेडिओ संचापासून, काढून घराबाहेर ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आपल्याकडे आभाळ कसे अचानक भरून येते, हे वेगळे सांगायला नको.

आता परवाना आल्यानंतरचा पहिला महिना. या महिन्यात सर्वांत जास्त निराशा कशाने होत असेल तर ती घाईने घेतलेल्या हँडीने, म्हणजे हातात धरायच्या रेडिओने. कॉलसाइन आल्याबरोबर मुलगा पाच वॉटची हँडी घेतो, घरातल्या खोलीत बसून टू मीटर बँडवर दोन दिवस हाका मारतो आणि कोणी उत्तर देत नाही म्हणून ती कपाटात ठेवतो. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण दृष्टिरेषेत जातात, त्यामुळे जवळच्या डोंगरावर चालू रिपीटर (ऐकलेला सिग्नल जोरात पुन्हा पाठवणारे केंद्र) नसेल, तर घरातल्या हँडीचा पल्ला काही किलोमीटरच असतो, आणि तेवढ्या परिघात दुसरा हॅम नसण्याचीच शक्यता जास्त. रिपीटर असला तरी त्याचा ऑफसेट (ऐकण्याच्या व पाठवण्याच्या फ्रीक्वेन्सीतील फरक) आणि टोन (तो उघडणारा सूर) बरोबर भरला नाही तर तो उघडत नाही. नव्याला वाटते की आपल्याशीच कोणी बोलत नाही. तेव्हा शहराबाहेर राहणाऱ्या नव्या हॅमला सरळ चाळीस मीटरवर आणावे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडलाही मर्यादित शक्तीने एचएफवर (चाळीस मीटरसारख्या लांब पल्ल्याच्या बँडवर) बोलता येते, ही गोष्ट परीक्षेत गुण मिळवूनही कित्येकांच्या डोक्यात शिरलेली नसते.

ज्याच्याकडे हँडी आलीच आहे त्याला ती घेऊन मोकळ्या मैदानावर बोलवावे आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा रिपीटर ऐकवावा. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जाते, डोक्यावरून जाण्याची फेरी दहाएक मिनिटांची असते, आणि त्यावरील रिपीटर चालू असेल तर त्याचा आवाज ४३७.८०० मेगाहर्ट्झवर मिळतो. डॉप्लर परिणामामुळे सुरुवातीला ४३७.८१० ला ऐकावे लागते आणि स्थानक दूर जाता जाता ४३७.७९० पर्यंत खाली यावे लागते. आधीच पाच मेमरी भरून ठेवल्या की मुले एकेक पायरी उतरत जातात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात रेल्वेच्या शिट्टीपुरता राहिलेला डॉप्लर हातातल्या बटणाखाली सरकताना अनुभवला की त्याबद्दल आणखी काही बोलावे लागत नाही.

पहिल्या संभाषणाची तयारी मी थोडी लबाडीने करतो आणि तिचा मला मुळीच पश्चात्ताप नाही. नवा हॅम पहिल्यांदा सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) देणार असेल त्या वेळी दीडशे ते चारशे किलोमीटरवरच्या दोन मित्रांना आधी कळवून ठेवतो, म्हणजे उत्तर आल्याशिवाय राहत नाही. मागच्या जानेवारीत नववीतील एक मुलगी माझ्या शॅकवर बसली होती. तिच्याजवळ स्वतःचा नवाकोरा परवाना होता. समोर पेन्सिलीने लिहिलेला कागद, त्यावर ‘व्हिक्टर युनिफॉर्म थ्री’ पासून पुढचे, कॉलसाइनमधील अक्षरे उच्चारण्याचे ठरलेले सगळे शब्द. फ्रीक्वेन्सी मोकळी आहे का, हे तिने दोनदा विचारले, मग तीन वेळा सीक्यू दिला आणि पीटीटीवरचा अंगठा उचलला. तीन-चार सेकंद नुसती खरखर. मग नाशिकचे एक निवृत्त शिक्षक आले, तिचे कॉलसाइन बरोबर उच्चारले, ‘फाइव्ह अँड सेव्हन’ असा सिग्नलचा रिपोर्ट दिला आणि माईक तिच्याकडे सोपवला. कागदावर पुढचे वाक्य लिहिलेले होते, पण ती एकदम म्हणाली, “काका, माझा आवाज खरंच तिकडे येतोय?” तिकडून उत्तर आले, “अगदी स्पष्ट येतोय बाळा. तुमच्याकडं थंडी किती आहे ते सांग.” पुढची चार मिनिटे थंडी, शाळा आणि द्राक्षे यांवर गेली, सारी कार्यपद्धती बाजूला राहिली, आणि मी मध्ये एक शब्दही बोललो नाही. संभाषण संपल्यावर लॉगबुकात वेळ लिहायची राहिली होती, ती दोघांनी मिळून अंदाजाने लिहिली. दहा दिवसांनी टपालाने त्यांचे क्यूएसएल कार्ड, म्हणजे संभाषणाची लेखी पावती, आले.

कार्डाबद्दल एक सूचना. संगणकावरील पुष्टीमुळे कागदी कार्डे मागे पडली आहेत, हे मान्य. तरी पहिल्या संभाषणाचे कार्ड हाताने लिहून टपालानेच पाठवावे. घरातली माणसे, विशेषतः ‘हे काय खूळ’ म्हणणारे आजोबा-आजी, त्या कार्डानंतर छंदाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

चूक दुरुस्त कशी करावी, यावर आपण विशेष विचारले आहे. माझ्याच बाबतीत घडलेले सांगतो. परवाना मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात मी एका सकाळच्या नेटवर (ठरलेल्या वेळी हवेत जमणाऱ्या बैठकीत) गेलो, तेव्हा एका ज्येष्ठांनी मला अर्ध्या वाक्यात थांबवले आणि पाच स्टेशनांच्या समोर माझ्या तीन चुका वाचून दाखवल्या. फ्रीक्वेन्सी मोकळी आहे का हे न विचारता मी हाक मारली होती, कॉलसाइन सांगताना अल्फा-ब्राव्होऐवजी स्वतःचे शब्द वापरले होते, आणि समोरच्याचे बोलणे दोनदा पुन्हा सांगायला लावून त्यालाच ‘फाइव्ह-नाइन’ असा रिपोर्ट दिला होता. तिन्ही चुका खऱ्या होत्या. त्यानंतर तीन महिने मी पीटीटी दाबले नाही. रोज ऐकत असे आणि बंद करत असे. माझ्याबरोबर परीक्षा दिलेल्या एका मित्राला असाच अनुभव आला आणि तो परत आलाच नाही.

म्हणून आमच्या नेटवर एक अलिखित नियम आहे: हवेत फक्त तीच चूक सांगायची जिच्यामुळे दुसऱ्या स्टेशनाला त्रास होत आहे किंवा परवान्याची अट मोडली जात आहे, उदाहरणार्थ बँडच्या बाहेर जाणे, कॉलसाइन न देणे किंवा चालू संभाषणावर चढून बोलणे. बाकी सगळे नेट संपल्यावर फोनवर, आणि तेही एका वेळी एकच. ‘फाइव्ह-नाइन’चेच घ्या. पाचपैकी पहिला आकडा बोलणे किती समजते त्याचा आणि नऊपैकी दुसरा आकडा सिग्नल किती जोरदार आहे त्याचा असतो. हे नव्याला सांगावेच, पण त्याहून जास्त आपण जुन्यांनी पाळावे. नव्याला बरे वाटावे म्हणून त्याच्या चिरक्या, तुटक्या सिग्नलला आपण ‘फाइव्ह-नाइन’ देतो आणि मग महिनाभर त्याचा माइक गेन चुकीचाच राहतो. ‘फोर अँड फाइव्ह, आवाज फाटतोय, गेन थोडा कमी करून पाहा’ हे शांतपणे सांगणे म्हणजे त्याला कामाची वस्तू देणे आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. बँडवर मुलीचा आवाज आला की एकदम दहा स्टेशने बोलावू लागतात आणि काहींचे प्रश्न लांबत जातात. अशा वेळी नेट कंट्रोलने (नेट चालवणाऱ्याने) क्रम लावून द्यावा आणि संभाषण कामापुरते ठेवावे. लहान मुलांना पहिल्या दिवशीच सांगावे की हवेत पहिले नाव आणि गाव एवढेच पुरे. घराचा पत्ता, शाळेचे नाव, फोन नंबर द्यायचा नाही. आपले बोलणे ज्याच्याकडे रिसीव्हर आहे तो कोणीही ऐकू शकतो, याची जाणीव मोठ्या नवशिक्यांनाही अनेकदा नसते.

शहरी नवख्यांच्या गळतीचे एक कारण फारसे कोणी लक्षात घेत नाही, ते म्हणजे घरातला गोंगाट. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे स्वस्त चार्जर, सेटटॉप बॉक्सचे अडॅप्टर आणि गच्चीवरचे सौर इन्व्हर्टर मिळून चाळीस मीटरवर एवढी खरखर उठवतात की साधी स्टेशने तिच्याखाली गाडली जातात. नव्याला वाटते, बँड मेला आहे. त्याच्या घरी एकदा जाऊन या. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, घराचा मुख्य स्विच बंद करा आणि एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) पाहा. मग एकेक स्विच चालू करत दोषी शोधा. एका प्राध्यापकांच्या घरी एस-९ ची खरखर होती ती देवघरातल्या रंगीत दिव्यांच्या माळेची निघाली. माळ बदलली आणि त्याच संध्याकाळी त्यांना केरळचे स्टेशन ऐकू आले.

आपत्तीच्या कथांविषयी माझे मत आपल्याला कदाचित पटणार नाही. प्रत्येक ओळख-व्याख्यानात आपण डिसेंबर २००४ ची गोष्ट सांगतो: भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनने अंदमानातून छंद म्हणून रेडिओ संपर्क करीत होते, २६ डिसेंबरला त्सुनामी आली, आणि बाकीचा संपर्क तुटलेला असताना तेच स्टेशन मुख्य भूमीशी जोडणारा दुवा बनले. गोष्ट खरी आहे, मोठी आहे आणि सांगितलीच पाहिजे. परंतु केवळ तिच्यावर भर दिला तर माणसे आपत्तीची वाट पाहण्यासाठी परवाना काढतात, आणि आपत्ती सुदैवाने रोज येत नाही. शिवाय पोर्ट ब्लेअरला उपयोगी पडली ती आधीच उभी असलेली अँटेना आणि रोजच्या संभाषणांनी तयार झालेला ऑपरेटर. म्हणून व्याख्यानात ती कथा सांगितल्यावर लगेच रविवारचे नेट ऐकवावे, ज्यात एक जण पावसाबद्दल बोलतो आहे आणि दुसरा आपल्या गच्चीवरच्या बांबूबद्दल. ज्याला तेही ऐकावेसे वाटते तो टिकतो.

मोर्सबद्दल थोडक्यात. जनरल ग्रेडकडे (परवान्याच्या वरच्या श्रेणीकडे) जाणाऱ्यांना तो लागतो, आणि बहुतेकांचा तो बिघडतो, कारण त्यांनी ठिपके आणि रेघांचा तक्ता पाठ केलेला असतो. तबल्याचे बोल जसे कानाने घेतो, तसाच मोर्स घ्यावा लागतो. कॉख पद्धतीत के आणि एम या दोनच अक्षरांपासून सुरुवात करतात, अक्षर मात्र पहिल्यापासून पूर्ण वेगाने वाजवतात. सीक्यू म्हणजे ‘डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा’ ही लय कानात बसली की कागद लागत नाही. रोज पंधरा मिनिटे पुरेत. रविवारी दोन तास बसून काही होत नाही.

नव्याला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नेट कंट्रोल करायला द्यावे, ही या उत्तरातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सूचना आहे. कौतुक दोन-तीन आठवडे पुरते, त्यानंतर माणसाला काम लागते. यादी समोर ठेवून चेक-इन घेणे, कमकुवत स्टेशनाला आधी बोलू देणे, कोणाचे ऐकू आले नाही तर दुसऱ्याकडून रिले मागणे, हे करताना त्याला सगळ्या जुन्यांची कॉलसाइन पाठ होतात आणि जुन्यांनाही त्याचे. पहिल्या वेळी जुन्यांपैकी एकाने त्याच फ्रीक्वेन्सीवर गप्प बसून ऐकावे. गोंधळ फारच वाढला तरच मध्ये पडावे. आमच्याकडे दर महिन्याचा शेवटचा रविवार वर्ष पूर्ण न झालेल्यांसाठी राखून ठेवला आहे, आणि जुने लोक त्या दिवशी आवर्जून हजर राहतात, कारण नेहमीपेक्षा जास्त गमती त्या दिवशी होतात.

शेवटी आपण विचारले आहे की मंडळाला मिळालेल्या अनुदानातून नवा महागडा रिग घ्यावा का. माझा सल्ला आहे की घेऊ नये. आपल्याकडे आहे तो जुना रिग पहिल्या वर्षाला पुरेसा आहे, आणि ज्यांना हाताने काही करावेसे वाटते त्यांच्यासाठी हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेल्या बिटएक्स ट्रान्सिव्हरसारखा (पाठवणारा व ऐकणारा) संच जोडायला घेता येईल. त्यात सोल्डरिंग चुकले तर बिघाड शोधण्यातच अर्धे इलेक्ट्रॉनिक्स शिकून होते. अनुदानाचे पैसे चांगल्या कोअॅक्सचे एक भेंडोळे, कनेक्टर, तांब्याची तार, नायलॉनची दोरी, एक विश्वासार्ह एसडब्ल्यूआर मीटर आणि १२ व्होल्टची बॅटरी यांवर खर्च करावेत, आणि मीटर व बॅटरी कपाटात कुलूपबंद न ठेवता नव्या परवानाधारकाला आठवडाभर घरी न्यायला द्यावी. कोणी काय नेले हे लिहायला शॅकच्या दारामागे एक वही टांगली की काम भागते.